रस्ता कुणाचा, बघायचा कुणी?



गेल्या खेपेला मी गटाच्या हिशेबाच्या वहीबद्दल बोलले होते. आज रस्त्याबद्दल बोलायचंय. तुम्ही म्हणाल, रस्ता हा काय बायकांच्या बोलण्याचा विषय आहे का? दोन वर्षांपूर्वी मलाही तसंच वाटायचं. रस्ता म्हणजे सरपंच, ठेकेदार आणि पारावर बसणारी माणसं यांचा कारभार, असं डोक्यात बसलेलं. पण त्या रस्त्यावरनं पायी जातं कोण? पोरं शाळेत सोडायला, दळण आणायला, रानात, दवाखान्यात, गटाच्या बैठकीला? गाडीवर बसणाऱ्याचा रस्ता दोन मिनिटांत संपतो. आपला पायांनी संपवावा लागतो.

आमच्या गावात जे झालं ते आधी सांगते.

आमचं गाव मोठ्या रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. फाट्यापासून आमच्या एसटीच्या थांब्यापर्यंतचा रस्ता पाच-सहा वर्षं नुसता खड्ड्यांत होता. अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं म्हणजे जीव मुठीत धरायचा. निवेदनं दिली, एका पावसाळ्यात तर खड्ड्यांत बेशरमाची झाडं लावली. शेवटी रस्ता मंजूर झाला, झाला आणि चांगला झाला. काळाभोर, गुळगुळीत. नारळ फुटला, पेढे वाटले, आम्हीही टाळ्या वाजवल्या.

खड्डे होते तोवर गाड्या नाइलाजानं हळू यायच्या, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. रस्ता नवा झाला आणि मोटारसायकली, टेम्पो, ट्रॅक्टर सगळेच सुटले. शाळा रस्त्याला लागून. समोरच एसटीचा थांबा. पण थांबा नुसता नावाला, कारण तिथं पहाटेपासून वडापच्या जीपा लागलेल्या. एसटी कडेला घ्यायला जागाच नाही. ड्रायव्हर भर रस्त्यात गाडी उभी करतो आणि बायका-पोरं रस्त्याच्या मधोमध उतरतात.

रस्ता होऊन तिसरा महिना. वरच्या वस्तीवरची पाचवीतली एक मुलगी सकाळच्या एसटीतून उतरली, गाडीच्या पुढनं शाळेकडं निघाली, आणि एसटीला ओलांडून आलेल्या मोटारसायकलनं तिला उडवलं. पाय दोन ठिकाणी मोडला. आत सळई घालावी लागली. आता ती चालते, पळतेसुद्धा, पण थंडीच्या दिवसांत पाय ओढते.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते, तरी सांगते. ती पडली तेव्हा भोवती तीस-चाळीस माणसं होती आणि चार-पाच मिनिटं कुणी तिला उचललं नाही. पोलीस आपल्यालाच विचारत बसतील, ही भीती. मैत्रिणींनो, ही भीती आता काढून टाका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. अपघातातल्या माणसाला मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव-पत्ता सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची जबरदस्ती त्याच्यावर करता येत नाही. १०८ नंबर लावा, अँब्युलन्स फुकट येते. ती येईस्तोवर मान आणि मोडलेला पाय हलवू नका.

मोटारसायकल चालवणारा पोरगा आमच्याच गावचा. वय सतरा. लायसन नाही. त्याची आई आमच्याच गटात आहे, बैठकीत माझ्या शेजारी बसते. आणि मुलीची चुलती पण आमच्याच गटात. त्या महिन्याची बैठक कशी झाली असेल, तुम्हीच विचार करा. कर्जाच्या हप्त्यावर कुणी बोलेना. एकीनं म्हटलं, पोरीनं बघून जायला पाहिजे होतं. दुसरी म्हणाली, एसटीवाल्यानं रस्त्यात गाडी थांबवलीच का. तिसरी वडापवाल्यांवर घसरली. पोराची आई खाली मान घालून बसलेली. आणि मग मुलीची चुलतीच म्हणाली, "पोराला मारून टाकला तरी उद्या दुसरं पोरगं तसंच येणार. रस्ता असा हाय तवर येणारच."

त्या वाक्यानं आम्ही कामाला लागलो.

पहिला प्रश्न होता, रस्ता कुणाचा. आम्ही दहाजणी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक म्हणाले, हा रस्ता आमच्या ताब्यात नाही. (त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं, पण जिभेवर ग्रामसेवकच बसलंय.) त्यांनी जिल्हा परिषदेकडं बोट दाखवलं. तिथल्या बांधकामाच्या उपविभागात गेलो, तर साहेब म्हणाले, फाट्याकडचा भाग आमचा नाही, सार्वजनिक बांधकामचा. तिकडं गेलो, ते म्हणाले, तुमची शाळा आमच्या हद्दीत येतच नाही. तीन कचेऱ्या, तीन चकरा, प्रत्येकीची एका दिवसाची मजुरी बुडाली. दीड महिना असा गेला.

तुमचा तो दीड महिना वाचावा म्हणून सांगते. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचा दगड असतो, त्याच्या डोक्याचा रंग बघा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असेल तर राज्य महामार्ग. नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता, बहुधा प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला. काळा किंवा निळा म्हणजे जिल्ह्याचा. आमचा दगड जाहिरातींच्या कागदांनी इतका माखलेला की दोन बादल्या पाणी ओतून घासावा लागला. आता, सर्वसाधारणपणे राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडं असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडं. आणि गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. ग्रामपंचायतीकडं नमुना नंबर २३ ही रस्त्यांची नोंदवही असते. आपल्या ताब्यात कुठला रस्ता, किती लांबीचा, हे त्यात लिहिलेलं असतं. ती वही मागा. आमच्याकडं ती कपाटाच्या वर होती, आणि शाळेसमोरचा रस्ता तिच्यात नव्हता. म्हणजे ग्रामसेवक खोटं बोलले नव्हते. उरली जिल्हा परिषद. नकाशा समोर ठेवल्यावर उपविभागातल्या साहेबांनी मान्य केलं, हा ग्रामीण मार्ग आहे आणि आमचाच आहे.

आणि तीन कचेऱ्या एकमेकींकडं बोट दाखवायला लागल्या तर आणखी एक दार आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. पोलीस, आरटीओ, बांधकाम खातं, सगळे एका टेबलाभोवती बसतात. तिच्या नावानं एक अर्ज आणि त्याची पोच, एवढं तरी ठेवा. आम्हाला ही समिती उशिरा कळली.

दुसरी गोष्ट कागदांची. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालचा. साध्या कागदावर अर्ज, त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि ३० दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर १० रुपयेही नाहीत. हे बऱ्याचजणींना माहीत असेल. पण याच कायद्यात आणखी एक हक्क आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो. चालू कामाची, झालेल्या कामाची प्रत्यक्ष पाहणी करायचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घ्यायचा हक्कही त्यात आहे. नुसता कागदच मिळतो असं नाही.

आम्ही कागद मागितले: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, आणि आतापर्यंतची देयकं. नावं पाठ करून ठेवा. "रस्त्याची माहिती द्या" असं मोघम लिहिलं तर मोघमच उत्तर येतं.

सत्तावीस पानं आली. त्यातलं निम्मं आम्हाला कळलं नाही. गटातल्या एकीची मुलगी डिप्लोमाला आहे, ती सुट्टीला आली तेव्हा तिला बसवलं ओसरीवर. ती वाचत गेली. खडी, मुरूम, डांबर, रोलर. आणि शेवटच्या दोन पानांवर थांबली. म्हणाली, "आई, हे कुठंय?"

त्या पानांवर लिहिलं होतं: सूचना फलक, नग सहा. शाळेच्या दोन्ही बाजूंना गतिरोधक. रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढरे पट्टे. शाळेसमोर पादचारी पट्टे.

रस्त्यावर यातलं एकही नव्हतं.

हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. गाडीसाठी जेवढा रस्ता लागतो तेवढा त्यांनी केला होता, आणि चांगला केला होता. चालणाऱ्यासाठी जो रस्ता लागतो तो कागदावर होता, मंजूर होता, आणि तो राहून गेला. तो नाही म्हणून कुणी विचारलं नाही. पारावरच्या माणसांना रस्ता गुळगुळीत दिसला, ती खूश झाली. त्रिकोणी फलक नाही हे त्यांच्या नजरेत कशाला येईल? आणि आमच्या नजरेत तरी कुठं आलं होतं? पेढा आम्हीही खाल्ला होता.

आमचं नशीब असं की अंतिम देयक निघायचं होतं. आम्ही पत्र दिलं: कागदावरची अमुक कामं जागेवर नाहीत, ती पाहून मगच देयक काढावं. सही पंचेचाळीस जणींची. सोबत मोबाइलवर काढलेले फोटो, तारखेसकट. महिन्याभरात फलक आले. शाळेचा फलक तुम्ही बघितला असेल, लाल कडेचा त्रिकोण आणि आत दोन पोरं. त्याच २०१९ च्या दुरुस्तीत असंही आहे की रस्ता ठरलेल्या प्रमाणानुसार बांधला किंवा राखला नाही आणि त्यामुळं कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर रस्त्याला जबाबदार असलेल्या यंत्रणेला किंवा ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आम्ही पत्रात त्याचा उल्लेख केला होता. फलक त्यानं आले की देयक अडल्यानं, देव जाणे. मला वाटतं, देयकानं.

तुमच्याकडचा रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला असेल तर हेही लक्षात ठेवा: काम पूर्ण झाल्यावर पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराकडं असते. रस्त्याच्या तोंडाशी मोठा फलक असतो, त्यावर लांबी, खर्च, तारखा लिहिलेल्या असतात. तो फलक मिटायच्या आधी फोटो काढून ठेवा.

आता गतिरोधक. याची वेगळीच कथा झाली.

सरकारी गतिरोधक यायला वेळ लागत होता, म्हणून अपघातानंतर पंधरा दिवसांत गावातल्या पोरांनी एका रात्रीत स्वतःच एक बांधला. कुणाच्या तरी घराचं उरलेलं सिमेंट, खडी, आणि वर अर्धा गोल उंचवटा, म्हशीच्या पाठीसारखा. ना रंग, ना फलक. आम्ही म्हटलं, पोरांनी चांगलं केलं. चौथ्या दिवशी मुलाच्या गाडीवर मागं बसून दवाखान्यातून येणारी एक मावशी त्यावरनं उडून पडली. खुब्याचं हाड मोडलं. गतिरोधकावर पडतं कोण, बघा. हँडल धरलेला पडत नाही. मागं एका बाजूला पाय सोडून, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लेकरू घेऊन बसलेली बाई पडते.

गतिरोधकाचं माप ठरलेलं आहे. गोलाकार गतिरोधक रस्त्याच्या लांबीत ३.७ मीटर, म्हणजे बारा फुटांच्या आसपास पसरलेला, आणि मध्ये फक्त १० सेंटिमीटर उंच. अर्ध्या वितीपेक्षा थोडं कमीच. बारा फुटांत हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. त्यावर पांढरे पट्टे आणि अलीकडं सूचनेचा फलक पाहिजेच. राष्ट्रीय महामार्गावर असे उंचवटे करतच नाहीत. आणि रस्ता ज्याचा, त्याच्या परवानगीशिवाय कुणीच करायचा नाही. पोरांचा उंचवटा आम्हीच पहारीनं फोडायला लावला. पोरं रुसली. नंतर आलेला सरकारी गतिरोधक बघून म्हणाली, हा काय गतिरोधक, गाडी नुसती तरंगती यावरनं. पण गाडी हळू होते. आणि मावशी काठी टेकत का होईना, पण चालतेय.

यातून एक झालं. बायकांना माप घ्यायची सवय लागली. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत ग्रामपंचायतीनं सिमेंटचा रस्ता केला. आमच्यातली एक शिवणकाम करते, तिचा टेप घेऊन आम्ही निघालो. पोलक्याचा तो टेप, पाच फुटांचा! दोघींनी टोकं धरायची, तिसरीनं खडूची रेघ मारायची, चौथीनं वहीत लिहायचं. लोक हसत होते. अंदाजपत्रकात लांबी १२० मीटर. आमची भरली १०४. दुसऱ्या दिवशी उलटीकडनं मोजली, तेवढीच. कनिष्ठ अभियंता आले, त्यांनी मोठ्या टेपनं मोजली, १०४. उरलेले सोळा मीटर म्हणजे गल्लीच्या शेवटची तीन घरं. कुणाची घरं, ते सांगायला नको; शेवटची घरं कुणाची असतात तुम्हाला माहीत आहे. ते सोळा मीटर झाले.

सिमेंटच्या रस्त्यात आणखी तीन गोष्टी बघत जा. काम सुरू व्हायच्या आधी जुना रस्ता खरवडतात का? आमच्याकडं वर्षानुवर्षं जुन्यावर नवा थर घालत गेले आणि रस्ता उंबऱ्याच्या वर आला. मग पावसाचं पाणी गटारात न जाता थेट चुलीपाशी. हे अभियंत्याला कळायच्या आधी आपल्याला कळतं, कारण पाणी आपण उपसतो. दुसरी, पाणी मारणं. सिमेंट ओतल्यावर दोन आठवडे ते ओलं राहायला पाहिजे, पोती टाकून किंवा वाफे करून. एक दिवस पाणी मारलं आणि ठेकेदार पसार, असं झालं की वर्षभरात भुकटी. तिसरी, नळाची पाइपलाइन. आधी पाइप, गटार, मग रस्ता. आमच्या शेजारच्या गावात रस्ता झाल्यावर चार महिन्यांनी पाइपसाठी उकरला. उकरायला लागलंच, तर खोदलेला रस्ता पूर्ववत करून द्यायची रक्कम पाइपच्या अंदाजपत्रकात आहे का, ते वाचा आणि मागा.

हे सगळं बोलायची जागा कुठली? महिला सभा. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभा वर्षातून चार तरी घ्यायच्या असतात, आणि तिच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. महिला सभेत जे ठरेल ते ग्रामसभेपुढं ठेवावं लागतं. आमच्याकडं महिला सभा म्हणजे शिपाई वही घेऊन घरोघर येणार, "वैनी, इथं सही करा" म्हणणार आणि आपण पीठमळल्या हातानं अंगठा लावणार. मी स्वतः सात-आठ वर्षं अशा सह्या केल्यात. अपघातानंतर आम्ही ठरवलं, घरी सही नाही. सभेची वेळ दुपारी दोन, कारण तेव्हा रानातनं परत आलेलो असतो आणि गुरांची वेळ झालेली नसते. पहिल्या सभेला तेवीस जणी. गतिरोधकाची सभा झाली तेव्हा सत्याऐंशी. ग्रामसभेची गणसंख्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी ते. म्हणजे बायका ठरवून गेल्या तर जवळजवळ आपल्यावरच सभा उभी राहते. आमच्या सरपंचताईच म्हणाल्या, "तुम्ही खाली बसलेल्या असला की मला वर बसून बोलायला बळ येतं."

पैशाचं एक. वित्त आयोगाचा निधी गावाला मिळतो. पंधराव्या वित्त आयोगात २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. रस्ता, दिवे असल्या कामांना उरलेल्या ४० टक्क्यांकडं बघायचं. तेव्हा आराखडा बनतो त्या सभेला जा. झाल्यावर भांडून उपयोग नसतो.

आता गाड्या लावण्याचा प्रश्न. खरं सांगते, रस्ता आणि फलक यांच्यापेक्षा हे दसपट अवघड गेलं. कारण तिथं समोर ठेकेदार नव्हता, आपलीच माणसं होती.

थांब्यावर वडापच्या जीपा लागतात, त्या कुणाच्या? आमच्या गटातल्या दोघींच्या घरच्या. एकीनं तर गटाच्या कर्जातूनच जीपचं जुनं इंजिन दुरुस्त केलेलं. मंगळवारच्या बाजारात डांबराच्या कडेवर भाजी मांडून बसतं कोण? आम्हीच. सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा आणि अतिक्रमण काढायचा अधिकार कायद्यानं ग्रामपंचायतीला दिलाय. गाड्या कुठं उभ्या करायच्या ती जागा सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यांनी स्थानिक संस्थेशी बोलून ठरवायची, असंही मोटार वाहन कायदा सांगतो. कायदा आहे. पण आपल्याच नवऱ्याच्या जीपसमोर उभं राहून "इथनं काढा" म्हणायचं, हे कायद्यात लिहिलेलं नाही.

महिला सभेत दोन बैठका यावरच गेल्या. शेवटी ठरलं ते असं. थांब्याच्या दोन्ही अंगाला तीस-तीस पावलं मोकळी. जीपा जुन्या चावडीच्या मागच्या पटांगणात, पण तिथं पत्र्याचं शेड आणि एक दिवा ग्रामपंचायतीनं द्यायचा, कारण पावसात प्रवासी तिथं थांबणार नाहीत आणि जीपवाले परत रस्त्यावर येतील. जीपवाल्यांचं म्हणणं रास्त होतं. बाजार शाळेच्या मागच्या मैदानात. बाजार कर गोळा करायचा लिलाव ग्रामपंचायत करते. त्या लिलावाच्या अटींतच घातलं की पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर दुकान मांडलं तर ठेकेदारानं पावती फाडायची नाही. पावती फाडली की माणसाला वाटतं जागा आपली झाली. ही युक्ती आमच्या भाजीवालीनंच काढली.

आणि पहिले तीन मंगळवार तिचाच धंदा बसला. रस्त्यावर गाडी थांबवून भाजी घेणारं गिऱ्हाईक मैदानात आलंच नाही. वांगी परत घरी. तिनं बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या पोरांचे पाय वाचवायला माझं पोट का?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. चौथ्या बाजारापासून हळूहळू जम बसला, कारण सगळेच आत गेले. पण ते तीन मंगळवार तिचे गेले ते गेलेच. पुढच्या वेळी असं काही ठरवताना आधी त्या माणसाच्या नुकसानीचा विचार करायचा, एवढं मी शिकले.

जीपा पंधरा दिवस पटांगणात लागल्या, सोळाव्या दिवशी एक परत थांब्यावर आली, मग तीन. आम्ही आठ दिवस पाळीनं सकाळी सात ते नऊ थांब्यावर उभ्या राहिलो. "हवालदारीणबाई आल्या" म्हणून चेष्टा व्हायची. बीट हवालदारांना सांगितल्यावर तेही दोनदा येऊन गेले. आता बऱ्यापैकी जागा मोकळी असते. पुरी नाही.

उसाच्या हंगामात तर जास्तच जपायला पाहिजे. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, टायर फुटला की तिथंच कडेला उभ्या, मागं ना दिवा ना काही. अंधारात मागून येणाऱ्याला ती ट्रॉली दिसतच नाही, ऊस डोक्यात घुसतो. ट्रॉलीच्या मागं चमकणारी लाल पट्टी किंवा कापड पाहिजेच. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी आज संध्याकाळी टॉर्च मारून बघा, आपल्या ट्रॉलीची पट्टी चमकते का, का चिखलानं झाकलीय.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. महाराष्ट्रातली १५ हजारांहून जास्त. तो आकडा मी बैठकीत वाचला तेव्हा कुणी काही बोललं नाही. पण त्या पोराची आई बोलली. ती म्हणाली, गाडीची किल्ली मीच दिली होती, दूध घालायला. रोजच देत होते. अठराच्या आतल्या पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे तिला अपघातानंतर कळलं. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या पोराला पंचवीस वर्षांचा होईस्तोवर लायसन मिळत नाही. तिच्या घरचं दूध आता ती स्वतः डोक्यावरनं डेअरीला घालते. पोरगा शाळा सुटायच्या वेळी थांब्यावर येतो, लहान पोरांना हात धरून रस्ता ओलांडून देतो. कुणी सांगितलं नाही त्याला. त्या मुलीचा हात मात्र तो धरत नाही. ती आपली एकटी, दोन्हीकडं बघून, पट्ट्यांवरनं जाते.

पट्टे आता पुसट झालेत. दोन पावसाळे गेले. परत रंगवायचे, तर जिल्हा परिषद म्हणते निधी नाही, आणि ग्रामपंचायत म्हणते रस्ता आमचा नाही. म्हणजे परत पहिल्या जागी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी आमची महिला सभा आहे, त्यात हाच विषय पहिला घेतलाय. सूचना सात दिवस आधी चावडीवर लागेल. शिवणकामवालीला मी आत्ताच सांगून ठेवलंय, टेप घेऊन ये. वडापचं शेडही अजून झालेलं नाही, तेही मोजायचंय.